भिंतीवरचा वैद्य आणि घरातले मौन

या पानावर आम्ही आजवर उसाच्या खोडकिडीबद्दल लिहिले, जनावरांच्या लाळ्या-खुरकुताबद्दल लिहिले, बाळंतिणीच्या आहाराबद्दल लिहिले. गाय फळवायला नेली आणि वळू उडाला नाही, तर आपण गुरांच्या डॉक्टरास ते चारचौघांत सरळ सांगतो. त्यात कोणास लाज वाटत नाही. पण तीच तक्रार घरधन्याच्या शरीराची असली, की त्याच्या तोंडास कुलूप लागते. तो बायकोस सांगत नाही, डॉक्टरास सांगत नाही, सख्ख्या भावासही सांगत नाही. सांगतो तो एकाच माणसास, आणि तो माणूस म्हणजे भिंतीवरचा वैद्य.

आज आम्ही त्याच तक्रारीविषयी लिहीत आहोत. पतिपत्नीच्या संबंधाच्या वेळी पुरुषाच्या इंद्रियास पुरेशी ताठरता न येणे, किंवा आलेली न टिकणे, हा आमचा विषय. लोक त्यास ‘कमजोरी’ म्हणतात आणि भांडणात ‘नामर्दपणा’ म्हणतात. आम्ही त्यास आजार म्हणतो. हे वाचून कोणी आम्हांस निर्लज्ज म्हटले तर आमची हरकत नाही. त्याने शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.

रेल्वेने कोसाडहून सुरतेस आणि पुढे मुंबईस जाणाऱ्या प्रत्येकाने लोहमार्गाच्या कडेच्या भिंती पाहिल्या आहेत. ‘गुप्तरोग’, ‘मर्दानी ताकद’, ‘निराश होऊ नका’, ‘खात्रीशीर इलाज’. या जाहिराती वाचतच आपली एक पिढी म्हातारी झाली. भारतात १९५४ सालापासून औषधिद्रव्ये व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा आहे. कामशक्ती टिकवण्याचा किंवा वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायद्यास सत्तर वर्षे उलटली तरी भिंती रंगलेल्याच आहेत. याचा दोष एकट्या सरकारास देऊन चालणार नाही. त्या भिंतीचे गिऱ्हाईक आपले मौन तयार करते.

आमच्या परिचयातील एका बंधूंची हकीकत त्यांच्या परवानगीने सांगतो. नाव सांगणार नाही. वय पन्नाशीच्या आत, स्वतःची थोडी जमीन आणि थोडी खंडाने घेतलेली, घरी दोन म्हशी. त्यांना हा त्रास सुरू झाला तेव्हा त्यांनी एका तंबूतल्या वैद्याचे दार धरले. पहिल्या महिन्यात काळ्या गोळ्या, दुसऱ्या महिन्यात तेल, तिसऱ्या महिन्यात ‘भस्म’. पैशासाठी एक म्हैस विकली आणि घरी सांगितले की ती आटली होती. रात्री शेतावर झोपण्याचे निमित्त काढू लागले. बायकोस वाटले, धन्याचे मन दुसरीकडे गेले. ती माहेरी जाऊन रडली. अशी दोन वर्षे गेली. मग पायाच्या अंगठ्यास झालेली जखम भरेना, म्हणून ते इस्पितळात गेले. तेथे रक्त तपासले तर साखर भरमसाट वाढलेली. डॉक्टरांनी सगळी चौकशी करता करता तोही प्रश्न विचारला. बंधूंनी मान खाली घालून सांगितले की, दोन वर्षे झाली. डॉक्टर म्हणाले, “अहो, शरीराने तुम्हांला दोन वर्षांपूर्वीच चिठ्ठी पाठवली होती. ती तुम्ही भलत्याच माणसास वाचायला दिली.”

अंगठा काढावा लागला. आमच्या मते या लेखाचे सारे सार त्या डॉक्टरांच्या वाक्यात आहे. ही तक्रार म्हणजे पुरुषत्वाचा निकाल नव्हे, ती शरीराने पाठवलेली चिठ्ठी आहे.

ही चिठ्ठी कशी लिहिली जाते ते शेतकऱ्यास समजायला अवघड नाही. आपल्या भागात काकरापारच्या कालव्याचे पाणी कसे येते ते आठवा. वरून हुकूम सुटतो, पाटाचे दार उघडते, पाणी चारीतून वाफ्यात शिरते. वाफ्याचे बांध शाबूत असले तर पाणी ठरते, आणि दारे धरणारा माणूस जागा असला तर ते फुटून जात नाही. शरीरातही तसेच घडते. मन आणि मेंदू हे हुकूम देणारे. मज्जातंतू तो हुकूम खाली पोहोचवतात. तेथे नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होऊन रक्तवाहिन्या सैल पडतात. या वायूचे शरीरातील काम शोधून काढल्याबद्दल तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वाहिन्या सैल पडल्या की इंद्रियातील स्पंजासारख्या दोन नळ्यांत रक्त भरते. त्या फुगल्या की रक्त परत नेणाऱ्या शिरा बाहेरच्या चिवट आवरणाखाली दाबल्या जातात आणि रक्त आत ठरते. शेवटी, इंद्रियाच्या मुळाशी असलेले स्नायू आवळले जाऊन आतला दाब आणखी वाढवतात. हे स्नायू म्हणजे दारे धरणारा माणूस.

यांपैकी कोठेही बिघाड झाला तरी वरून तक्रार एकच दिसते. कालव्यास पाणीच नसेल, म्हणजे रक्तवाहिन्या चोंदल्या असतील. हुकूम पोहोचत नसेल, म्हणजे मधुमेहाने मज्जातंतू मेले असतील. हुकूम देणाराच गांजला असेल, म्हणजे कर्जाची काळजी, उदासी किंवा घरातली धुसफूस असेल. किंवा दारे धरणारा निजला असेल, म्हणजे तळाचे स्नायू ढिले पडले असतील. वाफा कोरडा दिसला म्हणून न पाहता-सवरता बांधावर खत टाकणाऱ्यास आपण शहाणा म्हणणार नाही. भिंतीवरचा वैद्य मात्र नेमके तेच करतो.

म्हणून पहिली गोष्ट तपासणीची. इंद्रियाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे चोंदण्याची खूण येथे आधी दिसते. पुष्कळ माणसांत ही तक्रार हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षे आधी येते. मधुमेही पुरुषांपैकी निम्म्याहून अधिकांना पुढेमागे हा त्रास होतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत. आपण सायणच्या कारखान्यास उसाची साखर पुरवतो, पण आपल्या रक्तातली साखर किती हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. रक्तातील साखर, रक्तदाब आणि चरबी या तीन तपासण्या स्वस्त आहेत. ही तक्रार घेऊन जो माणूस डॉक्टरकडे जातो, त्याचे लाजेपलीकडचे बक्षीस कदाचित त्याचा जीव असेल.

त्यासोबत तंबाखूचा विचार करावा. विडी, सिगारेट, मावा यांनी रक्तवाहिन्या आवळतात आणि कालांतराने खराब होतात. गुजरातेत दारूबंदी आहे, तरी बाटली कोठे मिळते हे सांगण्यास आम्हांस कोणाची गरज नाही. रोजची दारू मज्जातंतूंवर आणि संप्रेरकांवर घाव घालते. काही औषधांनीही हा त्रास होतो, म्हणून घेत असलेल्या सर्व गोळ्यांची नावे डॉक्टरांना सांगावीत. पण रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. पहाटे झोपेत ताठरता येते काय, हेही सांगावे. ती येत असेल तर कारण बहुधा मनाच्या ताणात असते, आणि तो ताणही उपचाराने बरा होतो.

आता तळाच्या स्नायूंकडे येऊ, कारण यांच्याबद्दल आपल्या पुरुषांनी जवळजवळ काहीच ऐकलेले नाही. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय आणि मलाशय तिच्यावर तोललेले असतात. बाळंतपणानंतर लघवी सुटू लागलेल्या स्त्रियांसाठी अमेरिकेतील डॉक्टर आर्नोल्ड केगल यांनी या स्नायूंचे व्यायाम बसवले आणि १९४८ साली ते प्रसिद्ध केले. आपल्या घरातील लेकीसुनांना बाळंतपणाच्या इस्पितळात ते शिकवतात. पण झोळी पुरुषालाही असते, हे सांगायचे राहूनच गेले.

इंग्लंडमध्ये ग्रेस डोरी या फिजिओथेरपिस्ट बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा रीतसर प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००४ साली छापले गेले. सहा महिने किंवा अधिक काळ हा त्रास असलेले ५५ पुरुष त्यांनी घेतले. एका गटास तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवले आणि राहणी सुधारण्याचा सल्ला दिला, दुसऱ्या गटास आधी नुसता सल्ला दिला. तीन महिन्यांनी व्यायाम करणारा गट स्पष्ट पुढे होता. मग दुसऱ्या गटासही व्यायाम दिले. सर्वांचे व्यायाम झाल्यावर शंभरात चाळीस या प्रमाणात पुरुष पूर्ववत झाले होते, आणखी सुमारे पस्तीस सुधारले होते, आणि साधारण चौथ्या हिश्श्यास गुण आला नव्हता. लघवी झाल्यावर कपड्यांत थेंब पडण्याची तक्रारही पुष्कळांची कमी झाली, कारण तो थेंब झटकणारा स्नायू याच झोळीतला. ५५ माणसांचा अभ्यास म्हणजे एका वाफ्यातला प्रयोग, सारे रान नव्हे. तरी ज्या उपायास ना बाटली लागते ना म्हैस विकावी लागते, त्यास इतके पीक येत असेल तर तो करून पाहण्याजोगा आहे.

व्यायाम असा करावा. पाठीवर निजून गुडघे उभे करावेत. चारचौघांत वारा सरण्याची भीती वाटली तर जसे आपण गुदद्वार आवळून आत ओढतो, तसे ओढावे, आणि त्याच वेळी लघवी थांबवल्यासारखे पुढेही ओढावे. इंद्रिय मुळाशी किंचित आत जाते आणि वृषण थोडे वर उचलले जातात, ही बरोबर स्नायू सापडल्याची खूण. कुल्ले, मांड्या आणि पोट आवळू नये. श्वास कोंडू नये. ज्याला मोठ्याने आकडे मोजता येतात, त्याचा श्वास मोकळा आहे असे समजावे. सुरुवातीस तीन-चार आकडे धरावे आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावे. हळूहळू दहा आकड्यांपर्यंत जावे. निजून तीन वेळा, बसून तीन वेळा, उभे राहून तीन वेळा, असे सकाळ-संध्याकाळ. जड पोते उचलण्यापूर्वी, खोकण्यापूर्वी आणि लघवी झाल्यावर एकदा आवळावे. लघवी चालू असताना ती अडवण्याचा सराव मात्र रोज करू नये, त्याने मूत्राशयाचे नुकसान होते. आठ दिवसांत काही दिसणार नाही. तीन महिने नेटाने करावे. आज लावलेल्या उसास उद्या कोयता लावायला कोणी जात नाही.

योगातील मूलबंध आणि अश्विनीमुद्रा यांत हेच स्नायू आवळतात, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. कोणास त्यावरून शंका आली तर आमचे उत्तर असे की, स्नायूस धर्म नसतो.

एक इशारा येथे दिलाच पाहिजे. काही पुरुषांचे हे स्नायू ढिले नसून सतत आवळलेले असतात. त्यांना वृषणांत, गुदद्वाराजवळ किंवा संबंधानंतर दुखते, लघवी अडखळत होते. अशा माणसाने आवळण्याचा व्यायाम केला तर दुखणे वाढते, त्यास सैल सोडणे शिकावे लागते. हा फरक तपासून सांगणे हेच फिजिओथेरपिस्टचे काम. फिजिओथेरपी म्हणजे नुसता गुडघ्याचा शेक नव्हे. सुरतेत नवी सिव्हिल आणि महापालिकेचे स्मीमेर ही मोठी सार्वजनिक इस्पितळे आहेत, रामपुऱ्यात सार्वजनिक फिजिओथेरपी कॉलेज आहे. तेथे जाऊन ‘ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंसाठी, पुरुषाची तक्रार आहे’ एवढेच विचारावे. हे काम जाणणारा माणूस तेथे नसेल तर तो कोठे भेटेल हे तरी कळेल. आणि पायात अचानक बधिरपणा येऊन लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर व्यायामाचा विचार न करता त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

गोळ्यांविषयी थोडक्यात. सिल्डेनाफिल हे औषध १९९८ साली अमेरिकेत मान्य झाले आणि आता आपल्याकडेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. पुष्कळांना त्याचा गुण येतो आणि ते घेण्यात कमीपणा नाही. परंतु छातीच्या दुखण्यासाठी जिभेखाली सॉर्बिट्रेटसारखी गोळी घेणाऱ्याने ते घेतले तर रक्तदाब एकदम कोसळून मृत्यू येऊ शकतो. म्हणून दुकानदाराच्या शिफारशीने घेऊ नये. ‘निव्वळ जडीबुटी’ म्हणून विकलेल्या कॅप्सूलांत हेच औषध चोरून मिसळलेले असल्याचे अमेरिकेच्या औषध प्रशासनास वारंवार आढळले आहे. तंबूतल्या पुडीत काय असते हे पुडी बांधणाऱ्यासच ठाऊक.

आमच्या ख्रिस्ती कुटुंबांत या दुखण्यास आणखी एक भीती चिकटलेली असते, तीही येथे दूर करावी. ‘असा माणूस चर्चच्या दृष्टीने नवराच राहत नाही, लग्न मोडते’ असे कुजबुजले जाते. हे चूक आहे. १९८३ च्या कॅनन लॉच्या १०८४ व्या कलमात म्हटले आहे ते लग्नापूर्वीपासून असलेल्या आणि कायम स्वरूपाच्या असमर्थतेविषयी. शंका असेल तर लग्न अडवू नये, असेही तेच कलम सांगते. लग्नानंतर वयाने, मधुमेहाने किंवा शस्त्रक्रियेने आलेल्या दुर्बलतेने लग्नास धक्का लागत नाही. आणि मूल न होणे ही निराळी गोष्ट आहे, त्याने लग्न अवैध ठरत नाही, हेही त्याच कलमात स्पष्ट आहे. वेदीसमोर दिलेले वचन सुखदुःखाचे आणि आजारपणाचेही होते. हे आजारपण त्यातून वगळलेले नव्हते.

म्हणून पतीने पहिली गोष्ट पत्नीस सांगावी. ती न सांगितल्याने होणारे नुकसान आजाराहून मोठे असते. वर सांगितलेल्या बंधूंच्या पत्नी आम्हांस म्हणाल्या, “म्हैस गेल्याचं दुःख नाही. दोन वर्षं मी स्वतःला दोष देत होते, त्याचं आहे.” भगिनींसही आमची विनंती आहे. हे कळल्यावर टोमणा मारू नये, शेजारणीस सांगू नये, आणि डॉक्टरकडे सोबत जावे. ते बंधू आज साखर ताब्यात ठेवून आहेत, मावा सोडला आहे, व्यायाम करतात. सारे पूर्वीसारखे झाले असे ते म्हणत नाहीत. बरेच बरे आहे म्हणतात, आणि शेतावर झोपायला जात नाहीत.

मराठीत या विषयावर उघड लिहिणारे र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ सालच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. कर्व्यांची संततिनियमनाची मते आपल्या चर्चच्या शिकवणीशी जुळत नाहीत, हे आम्ही जाणतो. पण लैंगिक आरोग्य हा आरोग्याचाच भाग आहे आणि त्याबद्दल स्वच्छ मराठीत बोलावे, हे त्यांचे म्हणणे बरोबर होते. आपण गप्प राहिलो तर बोलण्याचे काम भिंती करतात.

आमच्या सूचना तीन आहेत. धर्मग्रामात आरोग्य शिबिर भरते तेव्हा पुरुषांसाठी वेगळी खोली आणि पुरुष डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट असावा, आणि चाळिशीपुढच्या प्रत्येकाची साखर व रक्तदाब तपासावा. विवाहपूर्व शिबिरात या दुखण्याची दोन सरळ वाक्यांत माहिती द्यावी. आणि तरुणांनी आपल्या बापास, काकास कोणत्याही निमित्ताने एकदा तपासणीस न्यावे.

कोसाड २००६ साली सुरत महापालिकेत आले. शेते आक्रसली, इमारती वाढल्या, दवाखाने जवळ आले. एवढ्या जवळ दवाखाना असताना आपल्या माणसाने तंबूच्या दारात म्हैस बांधावी, हे आम्हांस पटत नाही. ज्याला या लेखात आपली गोष्ट दिसली, त्याने हे पान घडी करून खिशात ठेवावे आणि या आठवड्यात डॉक्टरकडे जावे. तोंडाने बोलवत नसेल तर पान पुढे करावे. डॉक्टर समजतील.